मदरसा, खानकाह आणि घरापासून दूरचे मूल

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, मध्य प्रदेशातील बालाघाट आणि छत्तीसगड यांना टेकून असलेला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. मूल शिकायला घराबाहेर ठेवणे ही गोष्ट या जिल्ह्याला नवी नाही, कारण देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागांतील गोंड आणि हलबा कुटुंबांची मुले पिढ्यान् पिढ्या आश्रमशाळांत राहून शिकत आली आहेत. जिल्ह्यातील मुस्लिम वस्ती तुलनेने लहान आणि विखुरलेली असून तिच्या बाबतीत घर सोडण्याचे कारण निराळे असते. वस्तीच्या मशिदीत सकाळ-संध्याकाळ भरणारा मक्तब, म्हणजे अरबी अक्षरओळख आणि कुराणवाचनाचा प्राथमिक वर्ग, जवळच मिळू शकतो. परंतु संपूर्ण कुराण मुखोद्गत करून हाफिज व्हायचे किंवा अनेक वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून आलिम व्हायचे, तर लहान वस्त्यांतील मुलाला बहुधा मोठ्या शहरातील किंवा परप्रांतातील निवासी मदरसा गाठावा लागतो. आठ-दहा वर्षांच्या अशा मुलाचे मन सांभाळण्याचे काम तेथे कोण करते, कोणत्या विचाराच्या आधारे करते आणि तो विचार मूळ परंपरेशी कितपत सुसंगत आहे, हा या प्रकरणाचा विषय आहे.

निवासी मदरशातील दिवस पहाटेच्या फज्रच्या नमाजाच्या आधी सुरू होतो आणि इशाच्या नमाजानंतर संपतो. हिफ्ज, म्हणजे पाठांतर, करणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर तीन प्रकारचे ओझे एकाच वेळी असते: त्या दिवशीचा नवा पाठ म्हणजे सबक, गेल्या काही दिवसांतील पाठांची उजळणी म्हणजे सबकी, आणि पूर्वी पाठ झालेल्या भागांची फिरती उजळणी, जिला आमोख्ता किंवा मंझिल म्हणतात. कुराणाचे तीस पारे अशा रीतीने पुढे सरकत असताना मागचे निसटू नये, याची धास्ती विद्यार्थ्याला सतत वाटत राहते. शिवाय विसरणे हे येथे केवळ अभ्यासातले अपयश राहत नाही. पाठ झालेले कुराण हलगर्जीपणाने विसरणे हे पाप आहे, असे बालवयापासून कानावर पडलेल्या मुलाला ते धार्मिक अपराधासारखे वाटू लागते. घराची आठवण, अंथरूण ओले होणे, जेवणातील बदल, मोठ्या मुलांची दांडगाई या वसतिगृहांतील सर्वसाधारण अडचणी येथेही असतातच. पाठांतराशी जोडलेली ही अपराधभावना मात्र हिफ्जच्या वर्गाची खास अडचण आहे, आणि बाहेरून आलेल्या समुपदेशकाला ती सहसा लवकर उमगत नाही.

उपखंडातील मदरशांचा अभ्यासक्रम लखनौच्या फिरंगी महल येथील मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावावरून ‘दर्स-ए-निजामी’ म्हणून ओळखला जातो. निजामुद्दीन यांचे निधन १७४८ मध्ये झाले. १८६६ मध्ये देवबंद येथे दारुल उलूम स्थापन झाल्यावर या अभ्यासक्रमाला, त्यात फेरफार होऊन, वर्ग, परीक्षा, वसतिगृह आणि लोकवर्गणी अशी संस्थात्मक चौकट मिळाली. या अभ्यासक्रमात व्याकरण, तर्कशास्त्र, धर्मशास्त्र आणि हदीस यांचा भरणा असला, तरी मन घडवण्याचे काम त्याने स्वतःकडे पूर्णपणे घेतलेले नव्हते. ते काम खानकाहीकडे होते. खानकाह म्हणजे सूफी मार्गदर्शकाचे निवासस्थान आणि साधकांनी येऊन राहण्याची जागा. पुष्कळदा एकच विद्वान दोन्हीकडे वावरत असे, परंतु मदरशात तो शिक्षक असे आणि खानकाहीत शेख, म्हणजे आत्मशुद्धीचा मार्गदर्शक, असे. या दोन भूमिकांमधील अंतराकडे आजच्या चर्चेत पुरेसे लक्ष दिले जात नाही, आणि बऱ्याच गोंधळाचे मूळ तेथेच आहे.

खानकाहीतील मार्गदर्शनाची पद्धत समजून घेण्यासाठी मौलाना अशरफ अली थानवी (१८६३–१९४३) यांचे उदाहरण सर्वांत उपयुक्त ठरते, कारण त्यांच्या कामाची लिखित नोंद मोठ्या प्रमाणावर शिल्लक आहे. कानपूरच्या मदरशातील अध्यापन सोडून ते १८९७ मध्ये उत्तर प्रदेशातील थाना भवन या आपल्या गावी परतले आणि आपले गुरू हाजी इमदादुल्लाह यांच्या नावाच्या खानकाहीत त्यांनी उर्वरित आयुष्य घालवले. त्यांचा पत्रव्यवहार प्रचंड होता. साधक आपल्या मनाची अवस्था कागदावर लिहून पाठवी; उत्तरासाठी समास मोकळा सोडलेला असे आणि परतीचा लिफाफा सोबत जोडलेला असे; थानवी त्याच कागदावर, त्या त्या वाक्याच्या शेजारी, आपला सल्ला लिहून तो परत पाठवीत. राग, मत्सर, नमाजात मन न लागणे, भलत्या विचारांचा छळ, अभ्यासाचा कंटाळा असे विषय या पत्रांत येतात. ‘तर्बियतुस्सालिक’ या नावाने या पत्रांचा संग्रह पुढे प्रसिद्ध झाला. नैतिक उपदेशाच्या पुस्तकापेक्षा एखाद्या दवाखान्याच्या नोंदवहीशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे, कारण त्यात प्रत्येकाला निराळे उत्तर आहे आणि पुष्कळदा ते एकदोन ओळींपुरतेच आहे.

या नात्याच्या दोन अटी थानवी पुन्हा पुन्हा सांगत: ‘इत्तिला’ आणि ‘इत्तिबा’. पहिलीचा अर्थ आपली अवस्था न लपवता कळवणे आणि दुसरीचा अर्थ दिलेला सल्ला अमलात आणून पाहणे. परंतु या दोहोंच्या आधी येणारी एक तिसरी अट आहे, आणि या प्रकरणाच्या दृष्टीने तीच निर्णायक आहे. तिला ‘मुनासबत’ म्हणतात, म्हणजे साधक आणि मार्गदर्शक यांच्या स्वभावांचा मेळ. हा मेळ बसत नसेल तर साधकाने दुसरा मार्गदर्शक शोधावा, त्यात कोणाचाही अपमान नाही, असे ही परंपरा मानते. खानकाहीतील आत्मनिवेदन अशा प्रकारे स्वखुशीचे आणि निवडीचे होते. साधक प्रौढ असे, आपल्या पायांनी येई आणि आपल्या पायांनी निघूनही जाऊ शके.

थानवींच्या सल्ल्यांत वारंवार दिसणारा भेद ‘इख्तियारी’ आणि ‘गैर-इख्तियारी’ यांचा आहे. जे माणसाच्या हातात आहे ते इख्तियारी, आणि जे आपोआप घडते ते गैर-इख्तियारी. जबाबदारी फक्त पहिल्याची असते. दुसऱ्याच्या मागे लागू नये आणि त्याची खंतही करू नये. नमाजात मनात आलेला ओंगळ विचार हा गैर-इख्तियारी आहे, त्यामुळे तो आल्याने पाप लागत नाही आणि त्याला हुसकावण्याची खटपटही करायची नाही. नमाज चालू ठेवणे हे इख्तियारी आहे, तेवढे करावे. या भूमिकेला हदीसचा आधार आहे. उच्चारायलाही धजावणार नाही असे विचार मनात येतात, अशी तक्रार पैगंबरांच्या काही सहकाऱ्यांनी त्यांच्याकडे केली असता, त्या विचारांची भीती वाटणे हीच श्रद्धेची खूण आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाल्याचा वृत्तान्त ‘सहीह मुस्लिम’ या संग्रहात आहे. अशा सतत सतावणाऱ्या शंकांना ‘वस्वसा’ म्हणतात. वजू, म्हणजे नमाजापूर्वीचे हातपाय धुणे, नीट झाले की नाही या शंकेने पुन्हा पुन्हा पाणी घेणारा विद्यार्थी प्रत्येक मोठ्या मदरशाला ठाऊक असतो. विचाराशी झुंज न देता हातातले काम चालू ठेवावे, हा आजच्या मानसोपचारातही ओळखीचा असलेला सल्ला आहे. तरीही ही लक्षणे तीव्र असतील तर तो मंत्रचळ नावाचा आजार असू शकतो, आणि त्यावर केवळ सल्ला पुरत नाही.

सल्ला आणि औषध यांच्यातील ही सीमारेषा मुस्लिम विद्वानांना फार पूर्वीपासून माहीत होती. बल्ख प्रदेशात नवव्या शतकाच्या मध्यास जन्मलेल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ‘मसालिह अल-अबदान वल-अन्फुस’ हा ग्रंथ लिहिला. दुःखाचे त्यांनी दोन प्रकार केले: प्रियजनाचा वियोग किंवा हानी यांसारखे ज्याचे कारण सांगता येते ते, आणि ज्याचे कारण सांगताच येत नाही ते. दुसऱ्या प्रकाराचे मूळ त्यांनी शरीरात शोधले आणि त्यासाठी शारीरिक उपचार सांगितले. प्रकृती ठीक असताना घरात औषधांची पेटी भरून ठेवावी तसे मन स्वस्थ असताना निरोगी विचार साठवून ठेवावेत, असेही त्यांचे म्हणणे होते. हा ग्रंथ दीर्घकाळ विस्मरणात राहिला. सुदानी मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी २०१३ मध्ये त्याच्या मनोविषयक भागाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केल्यावर तो पुन्हा चर्चेत आला. याच बद्रींनी १९७९ मध्ये मुस्लिम मानसशास्त्रज्ञांच्या पेचावर पुस्तक लिहून, पाश्चात्त्य सिद्धान्त डोळे मिटून उचलण्यावर टीका केली होती. पुढे अमेरिकेत शिकागो येथे २०१० मध्ये स्थापन झालेल्या खलील सेंटरने मानसोपचाराची आधुनिक तंत्रे आणि गझालींसारख्या विद्वानांची मनोमीमांसा यांची सांगड घालणारी उपचारपद्धती विकसित केली.

शिक्षकाच्या वागण्याबद्दलही परंपरेचे म्हणणे संदिग्ध नाही. अल-गझाली (१०५८–११११) यांनी ‘इह्या उलूम अद-दीन’ या ग्रंथात विद्यार्थ्याला पोटच्या मुलासारखे वागवावे आणि त्याची चूक चारचौघांत न काढता सूचकपणे दाखवावी, असे सांगितले. इब्न खल्दून यांनी चौदाव्या शतकात ‘मुकद्दिमा’मध्ये त्याहून स्पष्ट इशारा दिला: कठोर शिक्षेत वाढलेले मूल मिटून जाते, आळशी होते आणि मार चुकवण्यासाठी खोटे बोलायला शिकते. तरीही वेताची छडी हे मक्तबाचे अपरिहार्य साधन आहे, अशी समजूत उपखंडात टिकून राहिली. मराठी शाळेतल्या पंतोजींच्या छडीची कथाही याहून फार वेगळी नाही.

वसतिगृहाच्या आत आल्यावर खानकाहीतील व्यवस्थेची रचना उलटी होते. ज्या कारी साहेबांपुढे, म्हणजे कुराणपठणाच्या शिक्षकांपुढे, मूल सकाळी सबक सुनावते, तेच बहुधा रात्री त्याच्या खोलीवर देखरेख ठेवतात, त्याची सुट्टी मंजूर करतात आणि त्याच्या वडिलांशी फोनवर बोलतात. मुलाने मन मोकळे करायचे तेही त्यांच्याचकडे. येथे मुनासबतीची निवड उरत नाही, कारण शिक्षक वाट्याला आलेला असतो. आणि निघून जाण्याचे स्वातंत्र्यही उरत नाही, कारण मूल लहान असते आणि घर दूर असते. त्यामुळे ‘मनातले सगळे सांग’ हा खानकाहीतील आदेश येथे जसाच्या तसा लागू केला, तर त्याचे रूपांतर चौकशीत होण्याचा धोका असतो. मदरशांतील आध्यात्मिक समुपदेशनाची खरी अडचण अध्यात्म आणि विज्ञान यांच्या भांडणात शोधण्यापेक्षा येथे शोधावी लागते. परंपरेने वेगळ्या ठेवलेल्या दोन भूमिका वसतिगृहाने एका माणसाच्या हाती दिल्या आहेत.

कायद्याची स्थितीही या संदर्भात ध्यानात घेण्यासारखी आहे. शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करणारा शिक्षण हक्क कायदा २००९ चा. परंतु २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वेदपाठशाळा आणि प्रामुख्याने धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आल्या. याचा अर्थ तेथील मूल निराधार आहे असा मात्र होत नाही. बाल न्याय कायदा २०१५ चे कलम ७५ मुलाचा ताबा किंवा जबाबदारी असलेल्या व्यक्तीने केलेल्या क्रूरतेला लागू होते, आणि लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ सर्व संस्थांना सारखाच लागू आहे. या दुसऱ्या कायद्यानुसार अत्याचाराची माहिती मिळालेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. साधकाने सांगितलेली गोष्ट ही अमानत, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, असे मानणाऱ्या मार्गदर्शकाला येथे थांबावे लागते. गुप्ततेचे वचन देतानाच तिची मर्यादाही मुलाला सांगणे हे त्यामुळे समुपदेशकाचे पहिले काम ठरते.

या प्रश्नावर सर्वाधिक विचार झालेला प्रदेश म्हणजे इंडोनेशिया. तेथील निवासी इस्लामी शाळेला पेसांत्रेन, विद्यार्थ्याला सांत्री आणि प्रमुखाला क्याई म्हणतात. पूर्व जावातील तेबुइरेंग हे विख्यात पेसांत्रेन हाशिम अशारी यांनी १८९९ मध्ये स्थापन केले, आणि २०१९ मध्ये देशाच्या संसदेने पेसांत्रेनांसाठी स्वतंत्र कायदा केला. अनेक पेसांत्रेनांच्या आवारातच सरकारमान्य शाळाही चालते. इंडोनेशियातील शाळांत मार्गदर्शन आणि समुपदेशन करणारा स्वतंत्र शिक्षक ही रूढ व्यवस्था असल्यामुळे, अशा ठिकाणी सांत्रीला क्याईंच्या आशीर्वादाखेरीज आणखी एक माणूस उपलब्ध होऊ शकतो, जो त्याचा पाठ घेत नाही. याच देशात पश्चिम जावातील सूर्यलाया या १९०५ मध्ये स्थापन झालेल्या पेसांत्रेनने व्यसनी तरुणांसाठी ‘इनाबा’ नावाची निवासी केंद्रे चालवली. मध्यरात्रीनंतर थंड पाण्याने स्नान, नमाज आणि झिक्र, म्हणजे ईश्वराच्या नामाचे सामूहिक स्मरण, असा तेथील उपचारक्रम आहे. श्रद्धाळू माणसाला शिस्त आणि सोबत यांतून बळ मिळते हे खरे असले, तरी व्यसन तुटतानाच्या शारीरिक त्रासाला वैद्यकीय देखरेख लागते, ही गोष्ट कोणत्याही धर्माच्या केंद्राला टाळता येत नाही.

विदर्भातील लोकमानसात श्रद्धा आणि मनोविकार यांची गाठ एका निराळ्याच कथेने बांधली गेली आहे. कामठी येथे १८६१ मध्ये जन्मलेले बाबा ताजुद्दीन लष्करी नोकरी सोडल्यानंतर विलक्षण वागू लागले, तेव्हा १८९२ मध्ये त्यांना नागपूरच्या मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. तेथे दर्शनाला येणाऱ्यांची रीघ लागली. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना सन्मानाने आपल्या वाड्यात आणले, आणि १९२५ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचा दर्गा असलेले ताजाबाद हे सर्वधर्मीयांचे श्रद्धास्थान बनले. गोंदिया जिल्ह्यातच अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगडावर महादेवाचे स्थान आणि दर्गा जवळजवळ असून दोन्हीकडे सर्व धर्मांचे लोक जातात. मनाने खचलेला माणूस दवाखान्याआधी अशा ठिकाणी जातो, ही येथील वस्तुस्थिती आहे. सूफी परिभाषेत बाबांसारख्या पुरुषाला मजझूब, म्हणजे ईश्वरी ओढीत हरवलेला, म्हणतात. त्याच्याबद्दल आदर बाळगला जातो, परंतु साधकाला पायरी-पायरीने घडवण्याचे काम मजझूबाचे नव्हे, ते भानावर असलेल्या सालिकाचे आहे, असे याच परंपरेतील जाणकार सांगत आले आहेत. दर्ग्यातला दिलासा आणि वसतिगृहातील समुपदेशन यांच्यातील फरक परंपरेच्या आतूनच मांडता येतो, तो असा.

हा फरक पुसला गेला तर काय होते, हे ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दिसले. दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने मनोरुग्णाला कोणत्याही स्वरूपात साखळीने बांधण्यास बंदी घातली आहे. याउलट गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ हा उपक्रम उभा राहिला. तेथे मुजावर, म्हणजे दर्ग्याचे सेवक, आजाराची लक्षणे ओळखायला शिकले, दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसू लागले, आणि भाविकाला दुआ सोडून दवा घ्यायला कोणी सांगितले नाही. मौलानांना डॉक्टर बनवण्याचा आणि डॉक्टरांना मौलाना बनवण्याचा असे दोन्ही मोह टाळल्यामुळे हा नमुना अनुकरणीय ठरतो.

महाराष्ट्रातील मदरशांकडे अशी जोड देण्याची क्षमता नाही, असे म्हणता येणार नाही. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा येथे मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी (१९५०–२०२५) यांनी १९७९ मध्ये स्थापन केलेल्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम या संस्थेने आदिवासी भागात मदरशाच्या जोडीला शिक्षणशास्त्र, औषधनिर्माण आणि युनानी वैद्यक यांची महाविद्यालये उभारली. धार्मिक शिक्षण आणि व्यावसायिक शिक्षण एका छत्राखाली नांदू शकते, हे तेथे सिद्ध झाले आहे. राज्य शासनाच्या डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेचा भर मात्र गणित, विज्ञान, भाषा यांच्या शिक्षकांवर आणि भौतिक सुविधांवर आहे. मुलाचे मन कोणत्या विषयाखाली बसते, हे अशा योजनांच्या तक्त्यात सहसा सापडत नाही.

गोंदियासारख्या जिल्ह्यातून बाहेर गेलेल्या मुलाच्या बाबतीत उपायाची सुरुवात परंपरेतील मुनासबतीच्या अटीपासूनच करता येते. ज्या उस्तादांकडे मुलाचा सबक आहे, त्यांच्याखेरीज दुसऱ्या एखाद्या उस्तादांना मुलाने स्वतः निवडावे आणि त्यांच्याकडे शिक्षेचा किंवा सुट्टीचा अधिकार नसावा, एवढी व्यवस्था पैशाशिवायही होऊ शकते. इख्तियारी आणि गैर-इख्तियारी हा भेद हिफ्जच्या मुलाला सोप्या शब्दांत शिकवला, तर विसरण्याची अपराधभावना पुष्कळ सैल होते. ओले अंथरूण, झोप उडणे, वारंवार वजू करणे, जेवण टाकणे या गोष्टी दोन-तीन आठवडे टिकल्या तर मुलाला डॉक्टरांकडे न्यायचे, हा नियम लेखी असावा. वसतिगृहाच्या भिंतीवर बालसाहाय्याचा १०९८ आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हे क्रमांक लावणे पुरेसे नाही. मुलाला एकट्याने फोन करता येईल अशी जागाही हवी.

मदरशांचे वर्ष शाबान महिन्यातील परीक्षेने संपते आणि रमझाननंतर शव्वालमध्ये पुन्हा सुरू होते, त्यामुळे मूल घरी दीर्घकाळ राहते ते रमझानच्याच दिवसांत. तरावीहच्या नमाजात कुराण सुनावणाऱ्या छोट्या हाफिजाचे त्या काळात वस्तीभर कौतुक होते, आणि आपल्या मुलाला काही होत असेल अशी शंका घरच्यांना येण्याचा संभव नेमका तेव्हाच सर्वांत कमी असतो. मुलाची झोप, भूक आणि शव्वाल जवळ येताना बदलणारा त्याचा स्वभाव यांकडे आईचे लक्ष सर्वांआधी जाते. तिने ते मशिदीच्या इमामांना सांगितले, तर गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत मुलाला नेण्याचा सल्ला त्यांच्या तोंडून आल्यास घरात तो सहज ऐकला जातो.